सी१८ कॉलमवर कोकमाचा पीक पळाला – कॉलम गेला म्हणायचा का?

आगळवाली | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचक आहे, आज गरजेपोटी लिहितेय.

कुडाळजवळ एका छोट्या तपासणी प्रयोगशाळेत मी काम करते. या दिवसांत आमच्याकडे कोकमाची रांग लागते: आगळ, सोलं, सुकी सालं, पावडर. प्रक्रिया करणारे लोक त्यातल्या हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाचं (आम्ही एचसीए म्हणतो) प्रमाण काढून मागतात. ते आम्ही एचपीएलसीवर काढतो: पंप नमुना द्रवाबरोबर सिलिका भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, ढकलतो, आणि प्रत्येक पदार्थ आपल्या वेळेला बाहेर येऊन आलेखावर उंचवटा उठवतो, तो पीक.

कॉलम सी१८, २५० बाय ४.६ मिमी, ५ मायक्रॉन, १०० अँगस्ट्रॉम, एंडकॅप केलेला. मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) १० मिलिमोलर फॉस्फेट, पीएच २.५. मिथेनॉल नाही, ॲसिटोनायट्रिल नाही, निव्वळ पाण्यातलं बफर. फ्लो १ मिली, २१० नॅनोमीटरला बघतो. एचसीए गेले चार महिने ४.६ मिनिटांना येत होतं, घड्याळ लावावं तसं.

शुक्रवारी संध्याकाळी वादळ झालं, लाइट गेली. इन्व्हर्टरने वीस मिनिटं तग धरला, मग पंप बंद. आम्ही कॉलम तसाच ठेवून घरी गेलो (हो, माहितीय, बोलणी खायची तयारी आहे). आज सकाळी सुरू केलं तर एचसीए २.० मिनिटांना! समोरच्या सॉल्व्हंट फ्रंटला (कॉलममध्ये कुठेही न थांबता सगळ्यात आधी बाहेर पडतं ते) चिकटून एकच बोंगा. मोबाइल फेज नवीन केला, पीएच मीटर पुन्हा कॅलिब्रेट केला, स्टँडर्ड नवीन केलं. काही फरक नाही.

आमचे साहेब म्हणतात कॉलम गेला, नवीन मागवा. पन्नास हजारांच्या घरातली वस्तू आहे आणि ती घेतानाची कटकट मीच निस्तरलेली आहे. खरंच गेला का हो?

लोटे_तिसरी_पाळी | सोमवार, रात्री ९.३२

गेला. फॉस्फेटमध्ये दोन दिवस उभा ठेवलात, वर विचारताय काय. नवा मागवा आणि या वेळी गार्ड कॉलम लावा.

दापोलीचा_पावसाळा | सोमवार, रात्री ९.५१

ताई, एक शक्यता. एचसीए द्रावणात ठेवलं की त्याचं हळूहळू लॅक्टोन होतं, ऊन लागलं तर जास्तच. दोन दिवसांत तुमच्या नमुन्यात लॅक्टोन वाढलं असेल आणि तुम्ही बघताय तो पीक दुसऱ्याच कशाचा असेल. एमएस्सीच्या प्रोजेक्टला माझी अशीच फसगत झाली होती.

निवृत्त_क्यूसी | सोमवार, रात्री १०.२०

लोटेवाले भाऊ, डॉक्टरने नाडी न बघता सर्टिफिकेट लिहिल्यासारखं झालं हे.

आगळवाली ताई, चार गोष्टी सांगा, मग बोलू.
सॉल्व्हंट फ्रंट पूर्वी किती मिनिटांना यायचा आणि आता किती?
फक्त एचसीए सरकलं की सायट्रिक, मॅलिक सगळेच सरकले?
प्रेशर पूर्वी किती, आता किती?
पीकचा आकार बिघडलाय का, म्हणजे शेपटी, खांदा, दुभंगलेलं टोक असं काही?

आगळवाली | सोमवार, रात्री १०.४४

काका, सगळे आकडे वहीत आहेत.

फ्रंट पूर्वी २.५ मिनिटांना, आता १.८. हे मी सकाळी बघितलंच नव्हतं, तुम्ही विचारल्यावर दोन्ही क्रोमॅटोग्राम शेजारी ठेवले. सायट्रिक, मॅलिक सगळेच पुढे आलेत. प्रेशर जसंच्या तसं, ९५ बार. पीक एकावर एक बसलेत म्हणून आकार नीट कळत नाही, पण दुभंगलेले वाटत नाहीत.

दापोलीचे भाऊ, स्टँडर्ड आज सकाळी ताजं केलेलं आहे, म्हणून लॅक्टोन नसावं.

निवृत्त_क्यूसी | सोमवार, रात्री ११.३५

मग तुमचा कॉलम मेलेला नाही. कोरडा पडलाय. बाहेरून ओला आणि आतून कोरडा.

जरा सविस्तर लिहितो, झोप येत नाही आणि बाहेर पाऊसही थांबत नाही.

तुमच्या नळीत साधारण अडीच ग्रॅम सिलिका आहे. तिचे कण गोल, ५ मायक्रॉनचे, पण भरीव नाहीत. स्पंज समजा. १०० अँगस्ट्रॉमच्या सिलिकेला दर ग्रॅमला ३०० चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो. अडीच ग्रॅमचे झाले साडेसातशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ साडेसात गुंठे. तुमच्या बोटाएवढ्या जाडीच्या स्टीलच्या नळीत साडेसात गुंठे जमीन घडी घालून ठेवलीय. आणि ही जमीन जवळजवळ सगळी कणांच्या आतल्या भोकांत आहे, कणांच्या बाहेरच्या अंगाला नगण्य. पीक यायचं ते या आतल्या जमिनीवर. (पीक शब्दावर कोटी करायची नव्हती, झाली.)

या जमिनीवर सी१८ च्या साखळ्या लावलेल्या आहेत. अठरा कार्बनची साखळी म्हणजे तेलकट केसच. तेलकट पृष्ठभाग आणि निव्वळ पाणी यांचं जमत नाही. अळूच्या पानावर पाणी ओतून बघा, थेंब गोळा होऊन घरंगळतो, पान ओलं होत नाही. तुमच्या कॉलमच्या भोकांना आतून अळूच्या पानाचं अस्तर आहे असं समजा. पंप चालू असेपर्यंत दाबाने पाणी आत टिकून राहिलं. लाइट गेली, दाब शून्यावर आला आणि भोकांनी पाणी बाहेर ढकलून दिलं.

आता हिशेब बघा. नळीचं आकारमान ४.१५ मिली. कणांच्या मधल्या फटी साधारण ४० टक्के, म्हणजे १.६६ मिली. भोकांची जागा धरली की एकूण अडीच मिलीच्या आसपास. १ मिली फ्लोला फ्रंट अडीच मिनिटांना येत होता, कारण द्रव भोकांतही होता. आता १.८ ला येतो, कारण तो नुसता फटींतून वाहतोय. भोकं जवळजवळ सगळी बंद. एचसीए बिचारं साडेसात गुंठ्यांच्या कुंपणाबाहेरून चालत जातंय, आत जायला वाटच नाही. थांबणार कुठे?

आणि प्रेशर का बदललं नाही? प्रेशर ठरतं कणांमधल्या फटींवर. फटी होत्या तशाच आहेत. फ्रिट (कॉलमच्या टोकाची बारीक जाळी) चोंदली असती तर प्रेशर वाढलं असतं, डोक्याशी खड्डा पडला असता तर पीक दुभंगले असते. यातलं काही नाही.

उपाय, क्रमाने करा. आधी बफर काढा: १० टक्के मिथेनॉल आणि ९० टक्के पाणी, अर्धा तास, ०.५ मिलीने. बफर आत असताना एकदम जास्त ॲसिटोनायट्रिल सोडू नका, फॉस्फेटचे खडे आतच बसतील आणि मग लोटेवाले भाऊ खरे ठरतील. त्यानंतर मिथेनॉल-पाणी निम्मं निम्मं, १ मिलीने, निदान ३० मिली. नंतर परत १० टक्के मिथेनॉल, मग तुमचं बफर. मध्ये कुठेही पंप थांबवायचा नाही.

लोटे_तिसरी_पाळी | मंगळवार, सकाळी ७.०५

काका, आदर आहे, पण आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे 'फेज कोलॅप्स' म्हणून शिकवलंय. निव्वळ पाण्यात सी१८ च्या साखळ्या एकमेकींना चिकटून भिंतीवर आडव्या पडतात, ओल्या गवतासारख्या, आणि मग नमुन्याला धरत नाहीत. भोकं कोरडी पडतात हे पहिल्यांदाच ऐकतोय.

निवृत्त_क्यूसी | मंगळवार, सकाळी ८.१५

मीही वीस वर्षं तेच शिकवलं. पण ताईंचा फ्रंट काय सांगतो बघा. साखळ्या नुसत्या आडव्या पडल्या असत्या तर भोकांत पाणी राहिलंच असतं. मग एचसीए लवकर आलं असतं, पण फ्रंट २.५ वरून हलला नसता. तो १.८ ला आला याचा अर्थ भोकांत द्रवच नाही.

आणखी एक. चालू कॉलमवर निव्वळ पाणी तासन्‌तास वाहिलं तरी सहसा काही होत नाही. ताईंचा चार महिने चाललाच की. होतं ते फ्लो थांबल्यावर. साखळ्या आडव्या पडायच्या असत्या तर चालू असतानाच पडल्या असत्या.

आगळवाली | मंगळवार, सकाळी ८.५२

मग एक प्रश्न. सोमवारी पंप परत चालू केला तेव्हा ९५ बार दाब आलाच होता. त्या दाबाने पाणी परत आत का गेलं नाही?

निवृत्त_क्यूसी | मंगळवार, सकाळी ९.४०

चांगला प्रश्न. दोन कारणं.

९५ बार आहे तो कॉलमच्या तोंडाशी. शेवटाकडे येईपर्यंत तो वातावरणाइतका होतो. म्हणजे मधोमध पन्नासेक, शेवटाला जवळजवळ काही नाही. आणि अशा तेलकट अस्तराच्या १०० अँगस्ट्रॉमच्या भोकात पाणी जबरदस्तीने घुसवायला ढोबळ हिशेबाने शंभरेक बार लागतात. भोक जितकं बारीक तितका दाब जास्त. प्रथिनांसाठी ३०० अँगस्ट्रॉमचे कॉलम येतात, तिथे हे एक तृतीयांशावर येतं. म्हणून मोठ्या भोकांच्या कॉलमला हा त्रास कमी.

मिथेनॉल घातलं की पाण्याचा पृष्ठताण उतरतो आणि द्रव आपणहून आत शिरतो. जबरदस्ती लागत नाही.

खाणवाटेवरचो | मंगळवार, दुपारी १.१८

माका एक सांगा. आमच्या कासार्ड्यात वाळयेच्या खाणी आसत, लहानपणापासून 'सिलिका, सिलिका' ऐकतंय. ट्रक भरभरून जाता. तीच वाळू ह्या तुमच्या कॉलमात भरतत की काय? तसा आसात तर अडीच ग्रामाचे पन्नास हजार म्हणजे आमका कोणीतरी लय मोठो गंडवल्यान.

काचेची_बरणी | मंगळवार, दुपारी ३.०२

खाणवाटेवरचो :)))

वाळू आणि कॉलमची सिलिका, रसायन एकच: सिलिकॉन आणि ऑक्सिजन. पण वाळू म्हणजे क्वार्ट्झ, स्फटिक, आत भोकं नाहीत. एक ग्रॅम वाळूचा पृष्ठभाग चौरस मीटर सोडाच, त्याच्या अंशातच. तिच्यावर सी१८ लावून उपयोग काय? साडेसात गुंठ्यांच्या जागी अंगणातली पायरीसुद्धा मिळायची नाही.

वाळूचा संबंध येतो तो मागच्या दाराने. वाळू आणि सोडा ॲश भट्टीत वितळवली की सोडियम सिलिकेट होतं. त्यात आम्ल घातलं की सिलिकेची जेल बसते, धुवून वाळवली की सिलिका जेल. बुटांच्या खोक्यातली पुडी तीच. जुन्या काळची कॉलमची सिलिका अशीच बनायची, तिला 'टाइप ए' म्हणतात. अडचण अशी की वाळूतलं लोखंड आणि ॲल्युमिनियम थोडंफार तिच्यात उतरतं. आपल्या जांभ्याच्या मातीत पांढरा सदरा घालून फिरा, संध्याकाळी काय रंग होतो माहीतच आहे. कॉलमला तेवढं लोखंड नको, त्याच्या हजारांशाने सुद्धा त्रास होतो. धातू शेजारी असला की सिलिकेवरचा सिलॅनॉल (पृष्ठभागावरच्या सिलिकॉनला जोडलेला ओएच गट) जास्त आम्लधर्मी होतो आणि अमाइन असलेली औषधं त्याला चिकटून बसतात. पीकला ही लांब शेपटी. त्या काळी मोबाइल फेजमध्ये ट्रायइथिलअमाइन घालून शेपटी कापायचे, आणि त्याच्या वासाने दुपारचं जेवण जायचं नाही.

आताची चांगली सिलिका 'टाइप बी', टेट्राइथॉक्सीसिलेनसारख्या शुद्ध केलेल्या द्रवापासून बनवतात. त्यात धातू नसल्यात जमा. पैसे त्या शुद्धतेचे, एकसारख्या आकाराच्या गोल कणांचे, आणि ते कण शेकडो बार दाबाखाली कुठेही फट न पडता नळीत बसवण्याचे.

तुमच्या कासार्ड्याची वाळू प्रामुख्याने ओतकामाच्या साच्यांना आणि काचेला जाते. ती धूळ मात्र नाकात जाऊ देऊ नका. स्फटिक सिलिकेने फुप्फुसाचा सिलिकोसिस होतो, बरा होत नाही.

खाणवाटेवरचो | मंगळवार, दुपारी ३.२०

धुळीचा ठावक आसा. आमच्या वाडीत खोकणारे कमी नाय. बाकीचा पयल्यांदाच कळला, बरा वाटला.

दापोलीचा_पावसाळा | मंगळवार, संध्याकाळी ६.११

एंडकॅपचं कोणी सांगेल का? ताईंनी 'एंडकॅप केलेला' लिहिलंय. आमच्या सरांनी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि पुढे गेले.

निवृत्त_क्यूसी | मंगळवार, रात्री ८.३०

दापोलीला आहात म्हणजे आंब्याची बाग बघितली असेल. हापूसची कलमं जुन्या पद्धतीने १० मीटर बाय १० मीटरवर लावतात, कारण पुढे घेर मोठा होतो. मधली जमीन मोकळी राहते आणि तिथे तण माजतं.

सिलिकेच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे ८ मायक्रोमोल सिलॅनॉल असतात. सी१८ ची साखळी लठ्ठ, तिच्या बुडाशी दोन मिथाइलचे हात पसरलेले. कितीही दाटी केली तरी ३ ते ३.५ मायक्रोमोलच्या पुढे मावत नाही. म्हणजे निम्म्याहून जास्त सिलॅनॉल तसेच उघडे. मग दुसऱ्या खेपेला छोटं ट्रायमिथाइलसिलिल देतात, ते मधल्या मोकळ्या जागेत थोडंफार बसतं. आंतरपीक म्हणा. यालाच एंडकॅप. तरीही काही सिलॅनॉल उरतातच.

आणि इथेच ताईंच्या दुखण्याचं मूळ आहे. एंडकॅपने जमीन आणखी तेलकट होते. औषधांसाठी उत्तम, निव्वळ पाण्यासाठी वाईट. बागेत तण ठेवलं तर थोडी ओल टिकते, तसं.

आगळवाली | बुधवार, सकाळी ११.४८

काका!!! परत आला!

नीट सांगते. काल संध्याकाळी साहेब गेल्यावर सुरू केलं. १० टक्के मिथेनॉल अर्धा तास. मग निम्मं निम्मं चालू केलं, १ मिलीने, आणि प्रेशर चढायला लागलं. १०५, १२०, १४०. हात पंपाच्या बटणावर. १६५ ला थांबलं आणि तिथेच राहिलं. तेवढ्यात लाइट एकदा मिचकावली, माझा जीव खाली-वर. ३५ मिली जाऊ दिलं. परत १० टक्के, मग बफर. प्रेशर उतरत उतरत ९५.

रात्री पावणेनऊला स्टँडर्ड टाकलं आणि खुर्ची स्क्रीनजवळ ओढून बसले. १.८ ला काही नाही. २.० ला काही नाही. २.५ ला फ्रंट, छोटासा, नेहमीसारखा खाली जाऊन वर येणारा. मग सपाट रेष. ४.५५ ला उठला. टेलिंग (शेपटीचं माप) १.१. मी एकटीच होते, ओरडले तर वॉचमन काका धावत आले.

सोमवारच्या आगळाच्या नमुन्यांचे निकाल आज सकाळी परत काढले, मागच्या आठवड्याशी जुळतात.

एक शंका: १६५ का झालं? मी घाबरलेच होते.

निवृत्त_क्यूसी | बुधवार, दुपारी १२.३०

शाब्बास. ते सांगायचं राहिलं, चूक माझी. मिथेनॉल पातळ, पाणीही पातळ, पण दोन्ही निम्मं निम्मं मिसळलं की मिश्रण दोघांपेक्षाही दाट होतं, पाण्याच्या दीडपटीपेक्षा जास्त. प्रेशर त्याच हिशेबाने चढतं. नव्या कॉलमलाही असंच होतं.

लोटे_तिसरी_पाळी | बुधवार, दुपारी २.४०

मानलं काका. ताई, अभिनंदन. आमच्याकडे मागच्या दोन वर्षांत 'आरटी (पीक येण्याची वेळ) गेली' म्हणून भंगारात टाकलेले कॉलम कपाटात अजून पडलेत. त्यातला एक आज रात्रपाळीला लावून बघतो.

तळोजा_लोकल | बुधवार, दुपारी ४.१५

आता कायमचा बंदोबस्त. मी फार्मात आहे, आमच्याकडे हे रोजचं.

मोबाइल फेजमध्ये ५ टक्के मिथेनॉल ठेवा. एचसीए थोडं लवकर येईल, पण पंप थांबला तरी भोकं कोरडी पडण्याची भीती बरीच कमी होईल. ते चालत नसेल तर 'एक्यू' लिहिलेले सी१८ मिळतात. त्यांच्यात साखळ्या थोड्या विरळ लावलेल्या असतात किंवा एंडकॅपच पाण्याशी मैत्री करणारा असतो. तिसरा मार्ग, सिलिका सोडूनच द्या: सेंद्रिय आम्लांसाठी सल्फोनेटेड पॉलिस्टायरीनचे कॉलम असतात, पातळ सल्फ्युरिक आम्ल आणि ५०-६० अंश ओव्हन. वाइन आणि फळांच्या रसाची आम्लं त्यावर सर्रास बघतात. महाग आहेत आणि प्रेशर सहन करत नाहीत, फ्लो ०.६ च्या आसपास ठेवावा लागतो.

आगळात मीठ रगडून असतं, गरही असतो. सिरिंज फिल्टर ०.४५ चा लावताय ना?

आगळवाली | बुधवार, संध्याकाळी ५.३०

०.४५ लावतो, त्याआधी सेंट्रिफ्यूज. पॉलिस्टायरीनवाल्याचा खर्च साहेबांपुढे मांडायची माझी हिंमत नाही. ५ टक्के मिथेनॉल उद्या करून बघते, सायट्रिक आणि एचसीए वेगळे राहतात का ते बघायला हवं.

सोडलेला_नांगर | बुधवार, रात्री ९.०५

माझाही एक किस्सा सांगून टाकतो, उलट्या दिशेचा. रत्नागिरीला नोकरीला लागून सहा महिने झाले होते. एका अल्कलाइन औषधाची पद्धत बसवत होतो. पीकला शेपटी येते म्हणून पीएच वाढवत गेलो. ९.५ चं फॉस्फेट, ओव्हन ५० अंशांवर. पीक इतका सुबक आला की मी फोटो काढून ठेवला.

तीन आठवड्यांनी पीकला खांदा आला. मग दोन डोकी. वरचं फिटिंग उघडलं तर फ्रिटच्या खाली सिलिकाच नाही, दोन-अडीच मिलिमीटरचा खड्डा. पीएच ८ च्या वर सिलिका पाण्यात विरघळते, गरम असेल तर पटापट, आणि फॉस्फेटमध्ये सगळ्यात जलद. मी तीन आठवडे कॉलम थोडा थोडा वितळवून बाटलीत जमा करत होतो. आमच्या वरिष्ठांनी तो खड्डा जुन्या कॉलमच्या सिलिकेने भरायला लावला, चमचाभर लगदा करून. पंधरा दिवस चालला. आजकाल कॉलम असे उघडत नाहीत.

तळोजा_लोकल | बुधवार, रात्री ९.४०

५० अंश, फॉस्फेट, ९.५. तिन्ही पापं एकदम. खालची बाजूही सांगून ठेवतो: पीएच २ च्या खाली सिलिकेला काही होत नाही, पण साखळी जिथे सिलिकेला जोडलेली असते तो बंध तुटतो आणि सी१८ हळूहळू वाहून जातं. अशा कामांना हायब्रिड कण घ्या, सिलिकेच्या जाळ्यातच कार्बनचे पूल घातलेले. ते १ पासून १२ पर्यंत टिकतात म्हणून विकले जातात. १२ ला मी कधी चालवलेलं नाही, १० ला चालवलंय, टिकलं.

काजूगर | गुरुवार, सकाळी १०.२५

एवढ्या मोठ्या लोकांत आमचा गरिबाचा काचेचा कॉलम. काजूच्या टरफलाच्या तेलातून ॲनाकार्डिक आम्ल वेगळं काढतोय, ६०-१२० मेशची साधी सिलिका, हेक्झेन आणि इथिल ॲसिटेट. मे महिन्यात छान निघालं. आता तीच पद्धत, तीच सिलिका, पण सगळं एकदम खाली धावतं, कार्डनॉल आणि आम्ल एकत्रच. सिलिका जुनी झाली का?

काचेची_बरणी | गुरुवार, दुपारी १२.५०

जुनी नाही, ओली झाली. तुमची सिलिका नागडी आहे, तिच्यावर सी१८ नाही. ती हवेतलं पाणी ओढून घेते, पुडीतली सिलिका बुटांसाठी करते तेच. पाणी सिलॅनॉलवर बसलं की तुमच्या पदार्थाला धरायला जागा उरत नाही. मे आणि जुलैच्या हवेत कोकणात किती फरक आहे ते वाळत घातलेल्या कपड्यांना विचारा.

ताटात पसरून ११०-१२० अंशांवर रात्रभर ठेवा, डेसिकेटरमध्ये गार करा, लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. २०० च्या वर नेऊ नका, सिलॅनॉलच जायला लागतात. आणि आम्ल आहे तर सॉल्व्हंटमध्ये किंचित ॲसिटिक आम्ल घाला, नाहीतर पट्टा लांबत जाईल. तेल काढताना टरफलं भाजली असतील तर ॲनाकार्डिक आम्लाचं बरंचसं कार्डनॉल आधीच झालेलं असतं, मग कॉलमला दोष देऊ नका.

गंमत बघा, ताईंना पाणी आत जात नाही म्हणून त्रास आणि तुम्हाला आत गेलं म्हणून. सिलिका एकच.

मार्टिन आणि सिंज या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये पार्टिशन क्रोमॅटोग्राफी मांडली ती याच ओल्या सिलिकेवर. सिलिका जेलला मुद्दाम पाणी पाजलं आणि ते पाणीच स्थिर फेज म्हणून वापरलं. १९५२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. म्हणजे तुमची चूक अगदीच वाया गेलेली नाही.

काजूगर | गुरुवार, दुपारी १.०५

:)) नोबेलचे पैसे आले की कळवतो. ओव्हन आजच लावतो. टरफलं कच्चीच आहेत, भाजलेली नाहीत.

लोटे_तिसरी_पाळी | शुक्रवार, सकाळी ६.५०

रात्रपाळीचा अहवाल. कपाटातले तीन कॉलम लावले. पहिला परत आला, फ्रंट १.९ वरून २.५. दुसऱ्याचं प्रेशर सुरुवातीपासूनच ३००, तो फ्रिट चोंदलेला, त्याचं काही होणार नाही. तिसऱ्याचा फ्रंट आधीपासून २.५ लाच होता पण आरटी कमी, धुवूनही काही झालं नाही.

काका, तिसऱ्याचं काय?

निवृत्त_क्यूसी | शुक्रवार, सकाळी ९.१५

फ्रंट जागेवर म्हणजे भोकं ओली आहेत. आरटी कमी म्हणजे साखळ्याच गेल्यात. त्यावर काय चालवत होतात? पीएच किती?

लोटे_तिसरी_पाळी | शुक्रवार, सकाळी ९.२२

ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल, पीएच १.८, ६० अंश. आठ महिने.

निवृत्त_क्यूसी | शुक्रवार, सकाळी ९.३०

तो गेला. तुमचं पहिलं वाक्य याच्यासाठी राखून ठेवायला हवं होतं.

आगळवाली | शुक्रवार, संध्याकाळी ६.४०

५ टक्के मिथेनॉलवर एचसीए ४.१ ला आलं, सायट्रिकपासून वेगळं राहतंय, रिझोल्यूशन १.८. चालेल.

साहेबांना 'कॉलम दुरुस्त झाला' एवढंच सांगितलं. 'काय केलंस?' विचारलं तर म्हटलं, मिथेनॉल पाजलं. ऑर्डर रद्द केली आणि उरलेल्या पैशांतून यूपीएस मागवलाय.

आत्ता परत काळोख करून आलाय. बफर काढून झालं, ६० टक्के ॲसिटोनायट्रिल भरलंय, दोन्ही टोकांना बूच लावलंय. निघते, एसटी चुकेल.